विंचवाचा दंश, हार्ट अटॅक आणि हृदयातले कॅल्शियम



वळवाचे एक-दोन पाऊस पडले की आपल्या सांगोला भागात विंचू बाहेर निघतात. दगडाखालून, विटांच्या थरातून, सरपणाच्या ढिगातून, कधी थेट अंथरुणातून. त्यामुळे या दिवसांत विहारात बसलो की आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. “विंचू पायाला चावला, मग पोरगं छातीनं कसं गेलं?” दुसरा प्रश्न आया-बहिणींचा असतो. “डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्यात. कॅल्शियमनं हृदय बंद पडतं म्हणतात, ते खरं का?” आणि तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही, पण वस्तीत तो सगळ्यात महाग पडतो. छातीत दुखते ते गॅसमुळे की हृदयामुळे?

हे तीन प्रश्न वेगवेगळे वाटतात. पण तिघांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते, आणि ते ठिकाण म्हणजे हृदयाची पेशी व तिच्यात ये-जा करणारे कॅल्शियम. हे एकदा नीट समजले की दवाखान्यात लवकर का जायचे, हे कोणी ओरडून सांगावे लागत नाही.

कॅल्शियम हाडात, तसे हृदयातही

आपल्या शरीरातले ९९ टक्के कॅल्शियम हाडात आणि दातात असते. उरलेला एक टक्का थोडाच, पण त्याच्यावाचून हृदयाचा एकही ठोका पडत नाही. हे कळले ते एका चुकीमुळे. लंडनमध्ये सिडनी रिंगर नावाचे डॉक्टर बेडकाचे हृदय काढून खारट पाण्यात ठेवून त्याचा अभ्यास करत होते. हृदय छान चालत होते. पुढे ध्यानात आले की, शुद्ध पाण्याऐवजी नळाचे पाणी वापरले गेले होते. शुद्ध पाण्यात द्रावण केल्यावर हृदय हळूहळू मंदावून थांबले. नळाच्या पाण्यात असे काय होते? त्यात कॅल्शियम होते. १८८३ साली रिंगर यांनी हे जगापुढे मांडले.

हृदय म्हणजे स्नायूंचा पंप. त्याच्या प्रत्येक पेशीला बारीक दारे असतात. ठोक्याची वेळ झाली की ती दारे क्षणभर उघडतात, थोडे कॅल्शियम आत येते. ते पेशीतल्या साठ्याला जागे करते, साठ्यातून आणखी कॅल्शियम सुटते, आणि पेशी आकसते. लगेच पेशीतले पंप ते कॅल्शियम उचलून परत साठ्यात व बाहेर टाकतात, आणि पेशी सैल पडते. आकसणे आणि सैल पडणे, असे दिवसाला सुमारे एक लाख वेळा घडते.

आराम करणाऱ्या पेशीत जेवढे मोकळे कॅल्शियम असते, त्याच्या दहा हजार पटींनी जास्त कॅल्शियम पेशीच्या बाहेर, रक्तात आणि भोवतालच्या पाण्यात असते. म्हणजे बाहेर तुडुंब आणि आत जवळपास कोरडे. हा फरक आपोआप राहत नाही. तो राखण्यासाठी पेशीला रात्रंदिवस उपसा करावा लागतो. उपशाला ताकद लागते, आणि ताकदीला प्राणवायू लागतो.

विहिरीच्या उदाहरणाने समजून घेऊ

आपल्यापैकी पुष्कळांनी विहीर खोदण्याच्या कामावर मजुरी केली आहे. पाझर लागल्यावर काय करतात? वर मोटार लावून पाणी सतत उपसतात, तेव्हा कुठे खाली माणसे काम करू शकतात. मोटार चालू आहे तोवर सगळे ठीक. पण मध्येच लाइट गेली तर? पाझर थोडाच थांबतो! पाणी घोट्याला, मग गुडघ्याला, मग कमरेला येते. खाली अडकलेला माणूस वेळेत वर आला नाही तर जीव धोक्यात.

हृदयाची पेशी अशीच आहे. पाझर म्हणजे आत येणारे कॅल्शियम. मोटार म्हणजे पेशीतले पंप. लाइट म्हणजे रक्तातून येणारा प्राणवायू. पाण्याशिवाय विहिरीला अर्थ नाही, तसे कॅल्शियमशिवाय हृदय नाही. पण उपसा थांबला की तेच पाणी घात करते. कॅल्शियम वाईट नाही, त्याचा उपसा बंद पडणे वाईट.

हार्ट अटॅकमध्ये काय घडते

हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवते, पण त्याला स्वतःलाही रक्त लागते. ते तीन मुख्य रक्तवाहिन्यांतून येते. बीपी, शुगर, तंबाखू, विडी आणि रक्तातली वाढलेली चरबी यांमुळे या वाहिन्यांच्या आत वर्षानुवर्षे थर साचत जातो. एक दिवस तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी बसते आणि वाहिनी बंद होते. त्या वाहिनीवर अवलंबून असलेल्या हृदयाच्या भागाची लाइट गेली.

आता पेशीच्या आत क्रमाने काय होते ते पाहा. प्राणवायू संपला की पेशी घाईघाईने प्राणवायूशिवाय ताकद बनवू लागते, त्यातून आत आम्ल साचते. आम्ल बाहेर टाकण्यासाठी पेशी त्याच्या बदल्यात सोडियम आत घेते. सोडियम वाढले की ते बाहेर काढायला कॅल्शियम आत घ्यावे लागते. तिकडे पंप थकलेले, उपसा बंद. कॅल्शियम साचत जाते. पेशी आकसते ती आकसलेलीच राहते. पेशीला ताकद पुरवणारी जी बारीक यंत्रे आतच असतात, ती कॅल्शियम शोषून फुगतात. पेशीची स्वतःची भिंत खाणारे पाचक रस जागे होतात. शेवटी भिंत फुटते आणि पेशी मरते.

याला किती वेळ लागतो? रक्त पूर्ण बंद झाल्यावर पहिली वीसेक मिनिटे पेशी आजारी असतात, पण रक्त परत आले तर सावरू शकतात. अर्ध्या तासाच्या पुढे त्या मरू लागतात. चार ते सहा तासांत त्या भागातल्या बहुतेक पेशी गेलेल्या असतात. हृदयाच्या पेशी कातडीसारख्या पुन्हा भरून येत नाहीत. मेलेल्या जागी व्रण उरतो. व्रण आकसत नाही, रक्त ढकलत नाही. जगला-वाचला तरी पुढे तो माणूस दोन जिने चढला की धापा टाकतो, ऊस तोडू शकत नाही, डाळिंबाच्या बागेत पाटी उचलू शकत नाही. हातावर पोट असलेल्या घराला हे किती महाग पडते, ते आपल्याला सांगायला नको.

म्हणून हिशेब करा. पहाटे चार वाजता छातीत दुखू लागले. घरच्यांनी ओवा दिला, सोडा दिला, पाठ चोळली. “उजाडू द्या, मग बघू” म्हणाले. सकाळी दहाला ईसीजी निघाला. मधले सहा तास गेले, आणि त्या सहा तासांत विहीर भरली.

रक्त परत आल्यावरचा धोका

इथे एक गोष्ट लपवून ठेवणे बरे नाही. वाहिनी उघडून रक्त परत आले की त्याच क्षणी काही पेशींना नवा मार बसतो. बराच वेळ गेलेली लाइट कधी मोठ्या दाबाने येते आणि मोटार जळते, तसे हे असते. साचलेले आम्ल झपाट्याने धुऊन जाते, सोडियमच्या बदल्यात कॅल्शियमचा आणखी एक लोंढा आत येतो, आणि प्राणवायू मिळालेली यंत्रे तो शोषून फुटतात. १९६६ साली युरोपातल्या दोन संशोधकांनी उंदराच्या हृदयावर याच्या जवळचा प्रकार दाखवून दिला होता. हृदयाला काही मिनिटे कॅल्शियम नसलेल्या पाण्यावर ठेवले, मग पुन्हा नेहमीएवढे कॅल्शियम दिले. हृदय सुधारण्याऐवजी पेशी धडाधड मेल्या. कारण मधल्या काळात पेशींच्या भिंती कमकुवत झाल्या होत्या आणि कॅल्शियम अनिर्बंध आत शिरले.

मग वाहिनी उघडूच नये का? असा अर्थ मुळीच काढू नका. वाहिनी उघडली नाही तर त्या भागातल्या पेशी मरणारच. उघडली तर पुष्कळ वाचतात, थोड्यांना मार बसतो. आणि जेवढी लवकर उघडाल, तेवढे आत साचलेले कमी आणि हा दुसरा मारही कमी.

महाडची गोष्ट: विंचू आणि हृदय

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. विंचवाच्या दंशात हृदयाची वाहिनी बंद होत नाही. तरीही हृदयाला मार बसतो. हे कोडे उलगडण्यात आपल्या महाराष्ट्रातल्या एका डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर हे मूळचे जालना जिल्ह्यातले, गरीब शेतकरी कुटुंबातले. रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते नोकरीला लागले. तिथे लाल विंचवाच्या दंशाने चांगली धडधाकट माणसे आणि लेकरे डोळ्यांदेखत मरत होती. त्या काळी दिली जाणारी औषधे फारशी उपयोगी पडत नव्हती. बावस्करांनी रुग्णाच्या खाटेजवळ बसून नाडी, बीपी, घाम, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. त्यांना दिसले की माणूस वेदनेने मरत नाही. हृदय थकते, फुप्फुसात पाणी भरते आणि श्वास अडकून माणूस जातो. १९८२ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात त्यांच्या या नोंदी छापून आल्या. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मोठ्या शहरातले यंत्रांनी भरलेले रुग्णालय त्यांच्या हाताशी नव्हते. खेड्यातल्या आरोग्य केंद्रात नीट पाहून, नीट लिहून ठेवून त्यांनी हे ज्ञान मिळवले.

विष काय करते? लाल विंचवाचे विष मज्जातंतूंची सोडियमची दारे उघडी धरून ठेवते. मज्जातंतू थांबतच नाहीत. घाबरल्यावर अंगात जे रस सुटतात, अॅड्रिनालिन आणि त्याचे भाऊबंद, त्यांचा पूर येतो. सगळ्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हातपाय गार पडतात, बीपी चढते. आवळलेल्या वाहिन्यांतून रक्त ढकलायला हृदयाला दुप्पट राबावे लागते. त्याच वेळी अॅड्रिनालिन हृदयाच्या पेशीतली कॅल्शियमची दारे सताड उघडते. म्हणजे मोटारीवर ताण वाढला आणि पाझरही वाढला. पेशीत कॅल्शियम साचते, पेशी जखमी होतात, पंप ढिला पडतो, आणि मागे तुंबलेले पाणी फुप्फुसात उतरते. अॅड्रिनालिनसारख्या रसांच्या अतिरेकाने हृदयाच्या पेशी कॅल्शियम साचून मरतात, हे जर्मनीत फ्रायबुर्गचे शास्त्रज्ञ आल्ब्रेख्त फ्लेकेनश्टाइन यांनी १९६० च्या दशकात प्रयोगांनी दाखवले होते. आपल्याकडे तेच विंचवाच्या रूपाने घरात येते.

उपाय काय निघाला? आधी कॅल्शियमचे दार अडवणारे नायफेडिपिन हे औषध वापरून पाहिले गेले. पुढे प्राझोसिन हे बीपीचे साधे, स्वस्त औषध जास्त भरवशाचे ठरले. प्राझोसिन आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. हृदयावरचा भार उतरतो आणि पेशीला सावरायला उसंत मिळते. प्राझोसिन येण्याआधी गंभीर दंशात शंभरातले सुमारे तीस रुग्ण दगावत. त्यानंतर हे प्रमाण एक-दोनवर आले. पुढे विंचवाच्या विषावरची लसही आली. महाडला ७० रुग्णांवर केलेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. नुसत्या प्राझोसिनने बरे व्हायला सरासरी सुमारे १८ तास लागले, लस आणि प्राझोसिन दोन्ही दिल्यावर सुमारे १० तास.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. मोठा काळा विंचू पाहून, ज्याला काही जण इंगळी म्हणतात, आपण जास्त घाबरतो. तो चावला तर वेदना होतात, पण जीवाला धोका सहसा नसतो. खरा धोका लहान, लालसर विंचवाचा. आणि वेदनेवरून धोका ओळखू नका. नुसती ठणक असेल आणि अंग गरम, कोरडे असेल तर बहुधा विष साधे. वेदना कमी, पण उलटी, दरदरून घाम, गार हातपाय, तोंडाला लाळ, पुरुषाच्या किंवा मुलाच्या इंद्रियाला ताठरता, ही लक्षणे दिसली तर विष हृदयाकडे निघाले असे समजा. पुढे खोकला, धाप आणि गुलाबी फेस आला तर फुप्फुसात पाणी भरले आहे.

कॅल्शियम अडवणारी गोळी का नाही?

वाचक विचारतील, एवढे सगळे कळले आहे तर हार्ट अटॅकमध्ये कॅल्शियम अडवणारी गोळी देऊन पेशी का वाचवत नाहीत? प्रयत्न झाले. कॅल्शियमची दारे अडवणारी औषधे अटॅकच्या वेळी देऊन पाहिली, त्यांनी जीव वाचल्याचे दिसले नाही. नायफेडिपिनची झटपट विरघळणारी गोळी अशा वेळी घातकच ठरते. मग पेशीतली यंत्रे फुटू नयेत म्हणून सायक्लोस्पोरिन हे औषध आजमावले. २००८ साली ५८ रुग्णांच्या छोट्या अभ्यासात आशा वाटली. २०१५ साली ९७० रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात फायदा दिसला नाही. विज्ञान असेच चालते. आधीचे आवडले म्हणून ते खरे मानत नाही, पुन्हा तपासते.

तेव्हा आजच्या घडीला हार्ट अटॅकमध्ये हृदयाची पेशी वाचवणारा सगळ्यात मोठा उपाय एकच, गेलेला रक्तपुरवठा लवकर सुरू करणे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी, जे लवकर मिळेल ते. बीटा ब्लॉकरसारखी काही औषधे डॉक्टर पुढे देतात, ती हृदयाचा भार कमी करतात. पण गेलेला वेळ कोणतेही औषध परत आणत नाही.

छातीत दुखले तर

छातीच्या मध्यभागी दाब, जडपणा, जळजळ. दुखणे डाव्या हाताकडे, जबड्याकडे, पाठीकडे जाणे. घाम, मळमळ, धाप. असे दहा-पंधरा मिनिटे टिकले तर गॅस समजून बसू नका. बायकांमध्ये आणि शुगर असलेल्यांमध्ये दुखणे कमी असू शकते. नुसती धाप, एकाएकी आलेला थकवा, पाठ किंवा जबडा दुखणे, एवढेच दिसते. आपल्या घरातल्या बाया दुखणे अंगावर काढतात, म्हणून घरच्यांनीच लक्ष द्यावे.

१. माणसाला बसवा किंवा टेकवून ठेवा. चालवू नका, मोटारसायकलवर मध्ये बसवून नेण्याची वेळ शक्यतो येऊ देऊ नका.

२. लगेच १०८ ला फोन करा. ही सेवा मोफत आहे, महाराष्ट्रात ती २०१४ पासून चालू आहे. गाडीला फार उशीर होणार असेल तर हाताशी असलेली जीप, रिक्षा घ्या.

३. अॅस्पिरिनची ३०० मिलिग्रॅमच्या आसपासची मात्रा चावून खायला देतात. आधी १०८ च्या डॉक्टरांना किंवा आपल्या डॉक्टरांना फोनवर विचारा. अॅस्पिरिनची अॅलर्जी, पोटात रक्तस्राव, अल्सर असेल किंवा तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे अशी लकव्याची लक्षणे असतील तर देऊ नका. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या १७ हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात अॅस्पिरिनने १०० पैकी २३ मृत्यू टळल्याचे दिसले. इतक्या स्वस्त गोळीचे एवढे मोल आहे.

४. जवळच्या ठिकाणी आधी ईसीजी काढा. सांगोल्याच्या ग्रामीण रुग्णालयात जा. तिथून पुढे पाठवायचे ठरले तर वेळ दवडू नका. पंढरपूर तीसेक किलोमीटर, सोलापूर ऐंशीच्या आसपास, मिरज त्याहून लांब. हे अंतर आपल्याला कमी करता येत नाही. घरात वाया जाणारा वेळ मात्र कमी करता येतो.

५. पैशांची व्यवस्था होईपर्यंत थांबू नका. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते. रेशनकार्ड आणि आधार कार्ड बरोबर घ्या, योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा.

विंचू चावला तर

मंत्र, उतारा, दगड लावणे, दारू पाजणे, चिरा देणे, चोखणे, करकचून बांधणे, यांतले काहीही करू नका. मांत्रिकाने “उतरवलेला” विंचू बहुधा मुळातच साध्या विषाचा असतो, तो उतरणारच होता. लाल विंचवाचे विष मंत्राने उतरत नाही आणि तेवढ्यात मोलाचे तास जातात. अंगठी, बांगड्या, जोडवी काढा. जागेवर गार पाण्याची पट्टी ठेवा. माणसाला शांत ठेवा आणि दवाखान्यात न्या. लहान मूल असेल तर लक्षणे दिसण्याची वाट पाहू नका. प्राझोसिन घरी स्वतःच्या मनाने देऊ नका, त्याने बीपी एकदम उतरू शकते. ते डॉक्टरांच्या देखरेखीत, झोपवून देतात.

आधीची काळजी तर आणखी सोपी. अंथरूण झटकून टाका. चप्पल-बूट उलटे करून आपटा. सरपण, गोवऱ्या, विटा घराच्या भिंतीला लावून रचू नका. भिंतीच्या फटी बुजवा. शक्य असेल तर लेकरांना जमिनीऐवजी खाटेवर झोपवा. रात्री बाहेर जाताना बॅटरी हातात ठेवा. वीटभट्टीवर, दगडाच्या कामावर बूट वापरा, आणि मुकादमाकडे बुटांची मागणी करा.

रोजचे रक्षण

पेशीत कॅल्शियम साचू नये म्हणून रोज काय करायचे? वाहिनी बंद पडू नये असे वागायचे. तंबाखू, मिश्री, गुटखा, विडी सोडणे हे पहिले. तंबाखू वाहिन्या आवळते आणि रक्त गोठवायला मदत करते. “मिश्री म्हणजे दात घासणं” असे म्हणणाऱ्या आज्ज्यांना हे प्रेमाने सांगा. दारूबद्दल आपल्याला पाचवे शील माहीत आहे, हृदयही तेच सांगते.

तिशीनंतर वर्षातून एकदा बीपी आणि शुगर तपासा. उपकेंद्रात ही तपासणी मोफत होते. बीपीची गोळी बरे वाटले म्हणून बंद करू नका. पुष्कळांना मिळणारी अॅम्लोडिपिन ही गोळी रक्तवाहिनीच्या भिंतीतली कॅल्शियमची काही दारे अडवते, त्यामुळे वाहिनी सैल होते आणि बीपी उतरते. कॅल्शियमचे हे ज्ञान असे आपल्या घरातल्या डबीत रोज असते.

मीठ कमी करा. सुकट-बोंबील खायचे तर आधी पाण्यात भिजवून, दोनदा धुऊन घ्या. पापड, लोणचे, खारवलेली मिरची रोज नको. ज्वारीची भाकरी, डाळी, पालेभाजी, शेंगदाणे हे आपले जेवण चांगलेच आहे, वरून तेल कमी ठेवा.

दूध आणि कॅल्शियमच्या गोळ्या

आता आया-बहिणींच्या प्रश्नाचे उत्तर. अटॅकमध्ये पेशीत साचणारे कॅल्शियम हे दूध प्यायल्यामुळे साचत नाही. रक्तातले कॅल्शियम शरीर ठराविक मर्यादेत राखते. कमी पडले तर हाडातून काढते, जास्त झाले तर लघवीवाटे टाकते. पेशीत ते साचते उपसा बंद पडल्यामुळे. म्हणून दूध, ताक, नाचणी, तीळ, शेवग्याचा पाला, लहान काटेरी मासे खुशाल खा. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या बंद करू नका, त्या आईच्या आणि बाळाच्या गरजेच्या आहेत. बाकीच्यांनी मात्र “हाडं दुखतात” म्हणून दुकानातून स्वतःहून गोळ्या आणून वर्षानुवर्षे खाऊ नयेत. मुतखडा किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही.

वस्तीने मिळून काय करावे

एकट्या घराने सगळे जमत नाही. विहाराच्या भिंतीवर ठळक अक्षरांत १०८ नंबर लिहा. रात्री-अपरात्री गाडी काढणाऱ्या दोन-तीन जणांचे फोन त्याखाली लिहा, त्यांची परवानगी घेऊन. महिला मंडळाच्या एका बैठकीत हा लेख मोठ्याने वाचा, कारण वाचता न येणाऱ्या आज्जीलाही हे कळले पाहिजे. आणि ग्रामसभेत, वॉर्डात, आरोग्य अधिकाऱ्यांना चार प्रश्न लेखी विचारा. आपल्या जवळच्या सरकारी दवाखान्यात ईसीजी मशीन चालू आहे का? रात्री ते चालवणारे कोणी असते का? प्राझोसिनच्या गोळ्या आहेत का? विंचवाची लस आहे का? उत्तर लेखी मागा. हे उपकार मागणे नव्हे, हा आपला हक्क आहे. दंश झाल्यावर हे विचारायला वेळ नसतो, म्हणून आजच विचारून ठेवा.

विहिरीतला माणूस बुडू लागल्यावर पाझर का आला याची चर्चा कोणी करत नाही. आधी दोर टाकतात. छातीत दुखले किंवा लाल विंचू चावला, तर आपणही तसेच करू. आधी फोन, आधी दवाखाना, बाकीचे सगळे नंतर.

जय भीम, नमो बुद्धाय.